चहापाण्याचं वळण

अर्ध्या डोंगरावर डोली खाली टेकवून पुढच्या डोलीवाल्याने घाम पुसला. "पुढचा चढ खडा आहे, बाबा. चहापाण्याचं तेवढं बघा."

"खाली सगळं ठरलं होतं ना?" बरोबर चालणारी लेक भडकली. वडिलांचे गुडघे गेलेले, म्हणून पहिल्या पगारातून तिने देवीच्या दर्शनाला त्यांच्यासाठी डोली केली होती. "एक रुपया जास्त मिळणार नाही!"

भागूजी मात्र डोलीत बसल्या बसल्या हसत सुटले.

"जागा चुकलात रे," ते म्हणाले. "इथून कळस दिसतो. माणसाला वाटतं, आता काय, पोचलोच. डोली ठेवायची ती वरच्या वळणावर. तिथून नुसत्या पायऱ्याच दिसतात. मग बसणारा आपणहून खिशात हात घालतो."

 मागच्या डोलीवाल्याची नजर म्हाताऱ्याच्या खांद्याकडे गेली. डोलीच्या दांड्याने वर्षानुवर्षं घासून आलेली गाठ नव्याकोऱ्या सदऱ्यातूनही कळत होती. तशीच गाठ त्याच्याही खांद्यावर होती.

त्याने कान पकडले. "चुकलं, बाबा. तुमच्याकडून काही नको."

"नको कसं?" भागूजी ताठ बसले आणि त्यांनी खिशात हात घातला. "चाळीस वर्षं याच पायऱ्यांवर मी लोकांपुढे हात पसरला. आज माझ्या लेकीनं मला देणाऱ्याच्या जागेवर बसवलंय. घे!"