नदीत थांबलेला घोडा

"बाबा, मी वाचून दाखवते. तुम्ही फक्त ऐका," सून म्हणाली आणि तिने पिशवीतून ते पुस्तक काढलं.

सासऱ्यांनी पुस्तकाकडे पाहिलं, मग ऑपरेशन थिएटरच्या दाराकडे. दारावरचा लाल दिवा चालू होता. आत सासूबाई होत्या आणि त्यांच्या हृदयाची एक झडप बदलायचं काम चाललं होतं. डॉक्टरांनी सकाळपासून 'काळजीचं कारण नाही' असं इतक्यांदा सांगितलं होतं, की सगळे काळजीत पडले होते. मुलगा औषधं आणायला खाली गेला होता.

पुस्तक जगप्रसिद्ध होतं. म्हणजे सगळ्या जगाला नावाने माहीत होतं. एका सरदार घराण्याच्या चार पिढ्या, दोन युद्धं आणि एक घोडा. घरी येणारा प्रत्येक पाहुणा ते हातात घ्यायचा, वजन बघायचा, 'वाचायचंय एकदा' म्हणायचा आणि चहा पिऊन निघून जायचा. चार पिढ्यांपैकी दुसरीपर्यंत पोचलेला माणूस कुणाच्या पाहण्यात नव्हता. अपवाद एकट्या सासऱ्यांचा. त्यांनी ते वाचलं होतं. शेवटचं प्रकरण सोडून.

सून विमा कंपनीत दावे तपासायची. लग्न होऊन या घरात आल्या आल्या तिला पुस्तकातली खूण दिसली. चष्मा पुसायच्या पिवळ्या फडक्याची पट्टी. पट्टीच्या पुढे जेमतेम चार-पाच पानं. नवरा म्हणाला, मी शाळेत होतो तेव्हाही ती तिथेच होती. एवढा डोंगर चढून माणूस शिखराच्या पायरीवर चपला काढून बसतो कशाला, हे सुनेला कळेना. तिने विचारलं.

"चष्म्याचा नंबर बदललाय," सासरे म्हणाले.

सासऱ्यांचं चष्म्याचं दुकान होतं.

पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, उजेड बरा नाही. मग म्हणाले, घोडा नदीत उतरलाय, पाणी वाढतंय, पलीकडे पोचला नाही तर उगाच जिवाला घोर.

"पण बाबा, तो बिचारा इतकी वर्षं पाण्यात उभा आहे."

"उभा आहे ना? मग झालं तर."

सासूबाईंनी केव्हाच हात टेकले होते. पुस्तकाचा विषय निघाला की त्यांचं वाक्य ठरलेलं: "ह्यांचं ते पुस्तक वाचून झालेलं बघितल्याशिवाय मी काही डोळे मिटत नाही." पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मुलगा रांगत होता. सगळे हसले होते. तेव्हापासून हसताहेत.

म्हणून सुनेने आज बेत केला होता. सासऱ्यांचा वेळ जाईल, घोडा एकदाचा इकडे किंवा तिकडे होईल, आणि आईंना शुद्ध आली की पहिली गोड बातमी हीच द्यायची. पुस्तक वाचून झालं.

तिने पट्टी बाजूला केली. घसा साफ केला. "घोड्याने पहिलं पाऊल..."

आत एक झडप बदलत होते, बाहेर सासऱ्यांनी दुसरी घातली. पुस्तक त्यांच्या हातात होतं आणि पट्टी जमिनीवर.

"वाचू नकोस. तिला वाचायचंय."

"आईंना? मग आधी नाही का सांगायचं? त्या घरी आल्या की पहिल्या पानापासून..."

"पुस्तक नाही गं." सासऱ्यांनी चष्मा काढला. पुसायला फडकं नव्हतं, म्हणून तसाच परत घातला. "ती नेहमी काय म्हणते, आठव."

सुनेला आठवलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत असला विमा तिने पाहिला नव्हता. हप्ता चार-पाच पानांचा, आणि तो भरायचा नाही, एवढीच अट.

"बाबा, ते बोलण्यातलं बोलणं असतं."

"असेल. पण आजवर लागू पडलंय ना?"

सासऱ्यांनी पुस्तक खुर्चीवर ठेवलं आणि त्यावर बसले. त्यांचे पाय जमिनीला टेकेनात. थोड्या वेळाने सून शेजारच्या खुर्चीवर सरकली, आणि पुस्तकाचा एक कोपरा बाहेर आला होता तो तिने तळहाताने दाबून धरला.

मुलगा औषधं घेऊन वर आला. "बाबा उंच कसे काय दिसताहेत?"

सुनेने तळहात आणखी घट्ट दाबला.

दिवा विझला. डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली ओढून म्हणाले, "धोका टळलाय." सासरे पुस्तकावरून उतरले, पट्टी उचलली आणि जिथल्या तिथे ठेवली.

सासूबाईंच्या नळ्या निघाल्या तेव्हा सून जवळ होती. सासरे पाणी आणायला बाहेर गेले तसं सासूबाईंनी तिला बोटाने खुणावलं.

"ह्यांनी पुस्तक वाचलं नाही ना?"

"नाही आई. त्यावर बसून होते."

"बसू देत. वाचायला घेतलं असतं तरी पुरं झालं नसतं. शेवटचं पान मी केव्हाच फाडून ठेवलंय. वाचायचा नाद असलेला माणूस, त्याचा काय भरवसा?"

सुनेला राहवेना.

"पण आई, त्या पानावर आहे तरी काय? घोडा पोचतो का पलीकडे?"

सासूबाईंनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"मला काय माहीत? मी ते वाचलं असतं, तर वाचले असते का?"