वाऱ्यात पेटत नाही

“सोडतेय मी,” सुप्रभा म्हणाली आणि तिनं सिगारेट विझवली.

शशीनं मान वर केली. हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाबाहेर, बस स्टॉपशेजारच्या बाकावर दोघं बसली होती. लीड्समधला मार्च महिना. ऊन होतं, पण नावालाच.

“सोडताय म्हणजे? पूर्ण?”

“वरदाला जूनमध्ये बाळ होणार. काल फोनवर तिनं सरळ सांगितलं, ‘आई, तुझ्या अंगाला वास आला तर बाळाला हातात देणार नाही.’ लेक माझीच आहे. बोलली की करते.”

शशीच्या बोटांतल्या सिगारेटची राख लांबत चालली होती. तो ओढायचाही असा निवांत, की त्याची एक संपेपर्यंत तिच्या दोन व्हायच्या.

सुप्रभा रेडिऑलॉजीत कन्सल्टंट होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. शशी त्याच हॉस्पिटलच्या आयटीमध्ये. मूळचा नागपूरचा, एकटाच राहणारा. सहा वर्षांपूर्वी तो या बाकापाशी घुटमळला होता आणि तिच्या गळ्यातल्या बॅजवरचं नाव वाचून चक्क मराठीत म्हणाला होता, “एक मिळेल का?” तेव्हापासून पाऊस असो की बर्फ, जेवण झालं की दोघं इथं हजर.

लायटर त्याच्याकडे कधीच नसायचा. “वाऱ्यात मला पेटवता येत नाही. तुम्हीच द्या पेटवून,” म्हणायचा. मग ती त्याची सिगारेट आपल्या ओठांत धरून पेटवायची आणि त्याच्या हाती द्यायची. पहिल्यांदा जरा अवघडल्यासारखं झालं होतं. पुढे पुढे सकाळपासून ती त्याच क्षणाची वाट बघू लागली. एवढं होऊनही ‘तुम्ही’चं ‘तू’ काही झालं नव्हतं.

त्याला तलफ तंबाखूची आणि तिला त्याची. हे तिनं स्वतःशीसुद्धा फार उशिरा कबूल केलं होतं. आता सिगारेट सुटली की बाकही सुटणार. पन्नाशी उलटलेल्या बाईनं कुठल्या तोंडानं विचारायचं, की सिगारेट नसली तरी याल का?

“ते इलेक्ट्रॉनिकवालं निघालंय ना,” शशी एकदम म्हणाला. “धूर नाही, वास नाही, नुसती वाफ. ते घेऊन इथं बसता येईल.”

“तुम्हीसुद्धा घ्याल?”

“घेतो ना. तुम्ही सोडल्यावर मी एकटा कशाला ओढत बसू?”

तिनं तोंड रस्त्याकडे फिरवलं. इतका आनंद चेहऱ्यावर दिसणं बरं नव्हतं.

शनिवारी दोघं पहिल्यांदाच बाक सोडून दुसरीकडे भेटली. सुप्रभानं घरातून निघताना तीन स्कार्फ बदलले होते. मार्केटमध्ये मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या एका बाईंनी स्टॉलवर या इलेक्ट्रॉनिक नळ्या ठेवल्या होत्या. बाई इथल्याच, यॉर्कशरच्या; येईल त्याला ‘लव्ह’ म्हणणाऱ्या.

“स्वस्तातली घेऊ नका, लव्ह,” त्या म्हणाल्या. “तिचं लिक्विड तोंडात येतं आणि बॅटरी दुपारच्या आत मान टाकते. ही बघा. हिची बॅटरी वेगळी काढून चार्ज करता येते. एक चार्जिंगला, एक हातात.”

सुप्रभानं ती हातात तोलून पाहिली. दिसायला हुबेहूब सिगारेट, फक्त जरा जड. तिला घशाला लागणारी हवी होती, नाहीतर आठवड्यात ती पुन्हा पाकिटाकडे वळली असती. शशीचे प्रश्न मात्र निराळेच.

“जास्तीत जास्त वेळ चालणारी कुठली?” त्यानं विचारलं. “आणि आपण नाही ओढली, तरी हिचं टोक पेटलेलं राहतं का?”

“नाही हो. ओढाल तेव्हाच पेटणार. वाफही तेव्हाच.”

“दुसऱ्या कुठल्या कंपनीची?”

“सगळ्यांचं तेच, लव्ह. तेच तर चांगलं आहे, काही वाया जात नाही.”

शशीचा चेहरा पडला. सुप्रभानं ते लगेच टिपलं. आवडली नाही याला. आता हा म्हणेल, मी आपला साध्या सिगारेटवरच बरा. आणि कुठल्यातरी दुसऱ्या बाकावर, दुसऱ्या कुणाच्या तरी लायटरवर पेटवत बसेल.

“आधी ओढून तर बघा,” ती घाईघाईनं म्हणाली.

बाईंनी दोन नळ्यांना ओठांकडच्या बाजूला नवीन कोऱ्या टोप्या लावून दिल्या. सुप्रभानं झुरका घेतला. पुढचं टोक नारिंगी उजळलं, घशाला ओळखीची टोचणी बसली, वाफ वर गेली. वास जवळजवळ नाहीच. “छान आहे हो!” ती म्हणाली. वरदाला सांगता येण्यासारखं काहीतरी हाती लागलं होतं.

शशीनं नळी नेहमीसारखी दोन बोटांत धरली, तोंडाशी नेली, खाली घेतली. टोक काळंच. बाईंनी बॅटरी बदलून दिली. पुन्हा तेच.

“खराब दिसतेय,” सुप्रभा म्हणाली.

“खराब नाही, लव्ह. साहेब ओढतच नाहीयेत.”

“अहो, ओढा ना नीट!”

त्यानं तिच्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि जोरात दम मारला. टोक भक्कन उजळलं. पुढच्याच क्षणी त्याला असा ठसका लागला की तो काउंटर धरून वाकला. चेहरा लाल, डोळ्यांतून घळाघळा पाणी. सुप्रभा त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

बाईंना हसू आवरेना. “अरे देवा! किती वर्षं सिगारेट ओढताय तुम्ही?”

“सहा वर्षं तर मीच बघतेय,” सुप्रभा म्हणाली.

शशीनं डोळे पुसले. नळी काउंटरवर ठेवली.

“एकही नाही ओढली,” तो तिला मराठीत म्हणाला. “नुसती धरून बसायचो.”