कॅप्टनचा गुडघा

"पायऱ्या उतरताना गुडघा दुखतो का?" नर्मीनने विचारलं.

"अल्हमदुलिल्लाह," कॅप्टन शाझली अल्लाहचे आभार मानत म्हणाला.

"म्हणजे दुखतो की नाही?"

"दुखला तरी अल्हमदुलिल्लाह, नाही दुखला तरी अल्हमदुलिल्लाह."

"कॅप्टन, इथे उत्तराला पाच चौकोन आहेत. अल्हमदुलिल्लाहचा चौकोन नाही."

"मग कागद चुकलाय, डॉक्टर."

"दुखतो," कोपऱ्यातून त्याची बायको अफाफ म्हणाली. "कठडा धरून एकेक पायरी उतरतो. वरच्या मजल्यावरची, हज करून आलेली म्हातारी हाज्जा याला मागे टाकून जाते."

"ती हाज्जा कुणालाही मागे टाकते," शाझली म्हणाला.

पोर्ट सईदच्या त्या क्लबात शाझलीला सगळे ओळखत. हँडबॉल संघाचा कप्तान, कोपऱ्यातून झेप घेऊन गोल करणारा. गेल्या मोसमात एका झेपेनंतर तो वेडावाकडा पडला, गुडघ्याचं लिगामेंट तुटलं आणि ऑपरेशन करावं लागलं. आता शनिवारी मोठा सामना होता आणि प्रशिक्षक नर्मीनच्या होकाराची वाट बघत होते.

नर्मीन क्लबची फिजिओथेरपिस्ट. गुडघा दुखावलेल्या खेळाडूंसाठी परदेशात तयार झालेली एक प्रश्नावली ती आणि तिचे सहकारी अरबीत आणत होते. शब्द पुस्तकी अरबीत बदलून झाले होते. आता एकेका खेळाडूला समोर बसवून, प्रश्न त्याच्यापर्यंत पोचतो का, ते पाहायचं होतं. पोचत नव्हता. कागदावर सगळ्यांचेच गुडघे ठणठणीत होते, आणि कागद देऊन दाराकडे जाताना तीच माणसं लंगडत होती.

तिने पुढचा प्रश्न वाचला. "आपल्या गुडघ्याविषयीच्या विश्वासाच्या अभावामुळे आपण कितपत त्रस्त आहात?"

"हे कोण बोलतंय? बातम्या देणारा?"

"गुडघ्यावर भरवसा आहे का, असं विचारलंय."

"भरवसा अल्लाहवर ठेवायचा, डॉक्टर. गुडघ्यावर कशाला?"

हे उत्तर खोडायची नर्मीनची हिंमत नव्हती आणि लिहायला जागा नव्हती. तिने चहाचा घोट घेतला. "पुन्हा दुखापत होईल अशी भीती वाटते?"

शाझलीने उघड्या खिडकीकडे पाहिलं. बाहेर ज्युनिअर संघाचा सराव चालला होता. "हळू विचारा. पोरं ऐकतील."

"घाबरत नाही हो तो, हट्टी आहे," अफाफ म्हणाली. कडेवरची लेक लुजैन एव्हाना कंटाळून तिच्या कानातलं ओढत होती. "जरा धर रे हिला. खांदा भरून आला."

"प्रश्न चाललेत ना," म्हणत त्याने चहाचा ग्लास दोन्ही हातांत घेतला.

अफाफने लेकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "हे नेहमीचंच, डॉक्टर. याचं ऑपरेशन झालं आणि पाठोपाठ ही जन्मली. आजवर एकदा उचलली नाही. माझी बहीण म्हणते, त्याला मुलगा हवा होता. मी म्हणते, नसेल तसं." ती हसत बोलत होती, पण शेवटच्या वाक्याला हसू पुरलं नाही.

शाझलीने ग्लासात पाहिलं.

नर्मीनने कागद पालथा ठेवला. घरी भावांशी बोलायची त्याच बोलीत तिने विचारलं, "कॅप्टन, दुखणं सोडा, भरवसा सोडा. या गुडघ्यापायी तुम्ही काय करायचं बंद केलंत?"

बाहेर कुणीतरी गोल केला, आरडाओरडा झाला, विरला.

"हिला उचलणं," तो म्हणाला.

अफाफचा हात लेकीच्या पाठीवर थांबला.

"तू हॉस्पिटलात होतीस," तो तिच्याकडे न बघता सांगू लागला. "मी स्वयंपाकघरात पाण्याचा मोठा काचेचा जार घेऊन नुसता वळलो. गुडघा निसटला. मी खाली, जारचे तुकडे सगळीकडे. दुसऱ्या दिवशी तू हिला घेऊन घरी आलीस." त्याने ग्लास खाली ठेवला. "फरशी पुसून ठेवली होती मी. तुला काही दिसलं नाही."

"सांगायचं तरी."

"काय सांगू? कॅप्टनला पोर उचलता येत नाही म्हणून?"

"आणि शनिवारी तू खेळायला निघालायस," अफाफ म्हणाली. "त्याच गुडघ्यावर."

"मैदानावर पडलो तर मी एकटाच पडेन."

आपल्या तोंडून काय गेलं, ते त्यालाही बोलून झाल्यावर कळलं असावं. त्याने मान खाली घातली.

"शनिवारी नाही," नर्मीन हलकेच म्हणाली. "या मोसमात खेळाल. शनिवारी नाही."

त्याने वाद घातला नाही. नुसतं "बरं" म्हणाला, आणि त्याचे खांदे जरा सैल पडले.

नर्मीनने कागद सुलटा केला, भरवशाचा तो जडजंबाल प्रश्न खोडला आणि आत्ताच विचारलेला प्रश्न जशाच्या तशा बोलीत समासात लिहून काढला. तिने मान वर केली तेव्हा अफाफ खुर्चीवरून उठली होती. आता भांडण होणार असं वाटून शाझली तपासणीच्या पलंगावर जरा मागे सरकला. अफाफने त्याचे दोन्ही हात धरून पसरले आणि लुजैनला त्यांत ठेवलं.

"बसून घे, वेड्या," ती म्हणाली. "बसलेल्या बापाला गुडघा लागत नाही."