खंडेनवमीला फेअरिंग

खंडेनवमीला हत्याराला हात लावायचा नाही म्हणजे नाही. पाटावर पाने, पकडी मांडून, हळदकुंकू लावून, फुलं वाहून बसलिंगाप्पा नुकतेच उठले होते. आता उद्या दसऱ्याला पूजा हलेपर्यंत उद्यमनगरातलं त्यांचं गॅरेज बंद. आणि नेमका तेव्हाच वारणानगरचा धैर्यशील झेंडूचा हार घेऊन आपली मोटरसायकल न्यायला दारात उभा राहिला.

गाडी तयार आहे, असं बसलिंगाप्पांच्या मुलानं, वीरेशनं, त्याला कालच फोनवर सांगितलं होतं. तयार होती, पण कशी? वायरिंगच्या कामासाठी हेडलाइटभोवतीचं प्लास्टिकचं कवच, म्हणजे फेअरिंग, उतरवलं होतं. ते परत चढवताना उजवीकडचा शेवटचा स्क्रू काही केल्या भोकात जाईना. अर्ध्या बोटाचा फरक. वीरेशनं जोर लावून पाहिला, शिव्या घालून पाहिल्या, शेवटी तारेनं बांधून मोकळा झाला. धैर्यशीलनं हँडल वळवलं, तर ते मधेच कवचाला अडकलं. अशा गाडीवर वारणानगर गाठायचं म्हणजे जिवाशी खेळ.

उद्या पूजा हलली की ड्रिलनं नवं भोक पाडून देतो, असं वीरेशनं बेफिकीरपणे सांगून टाकलं. ते ऐकून धैर्यशीलचा चेहराच उतरला.

"भोक पाडायचं न्हाय," मागून विद्याश्री म्हणाली.

ही बसलिंगाप्पांची धाकटी. आयटीआय करून दोन वर्षं गॅरेजात होती आणि दोन वर्षांत ऑइल बदलणं, प्लग पुसणं यापलीकडे तिच्या वाट्याला काही आलं नव्हतं. दसऱ्यानंतर तेही बंद करून तिनं घरी बसावं, हे वीरेशनं वडिलांच्या गळी उतरवलं होतं. गिऱ्हाइकं हसतात म्हणे.

वायरी चुकीच्या बाजूनं गेल्यात, हे तिनं कालच सांगितलं होतं. कुणी कानावर घेतलं नव्हतं. आज तिनं सांगत बसायचा नाद सोडला. गाडीची सीट काढली आणि खालची हत्यारांची छोटी पिशवी बाहेर ओढली.

बसलिंगाप्पांनी डोळे वटारले. "आज हत्यार चालणार न्हाय."

"ही आपली हत्यारं न्हाईत, आप्पा. गाडीची हायती. पूजेला मांडलेली न्हाईत."

"माझ्या दुकानात चालणार न्हाय म्हटलं की."

विद्याश्रीनं वडिलांकडे एकदा पाहिलं. मग स्टँड काढला, गाडी ढकलत उंबऱ्याबाहेर नेली आणि रस्त्यात उभी केली. रस्ता काही बसलिंगाप्पांच्या मालकीचा नव्हता.

त्या दिवशी सगळ्या उद्यमनगरात यंत्रं गप्प आणि माणसं रिकामी. त्यांना आयतीच करमणूक मिळाली. समोरचा पिराजी वेल्डर चहाचा कप घेऊन पायरीवर येऊन बसला. पोरीनं भर सणाचं बापाचं नाक कापलं, असं कुणीतरी तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालं. ऐकू गेलंच. पण तिनं मान वर केली नाही.

अडलेल्या स्क्रूला तिनं हातच लावला नाही. बांधलेली तार सोडली, वीरेशनं पिळून बसवलेले बाकीचे सगळे स्क्रू काढले आणि कवच उतरवून धैर्यशीलच्या हातात दिलं. झालेलं काम नासवतीये म्हणून वीरेश दारातून ओरडत राहिला. आत तिला वाटलं होतं तेच निघालं. लोखंडी पट्टीच्या मागून जायचा वायरींचा जुडगा पुढून आला होता आणि कवचाला बाहेर रेटत होता. एक वायर तर चेपून तिचं साल निघायच्या बेतात होती.

तिनं जुडगा मागं घेतला, कवच चढवलं. सगळे स्क्रू आधी दोन-दोन आटे, नुसते धरतील एवढेच. उजवीकडचा शेवटचा बोटानंच फिरला. मग मधल्यापासून सुरुवात करून तिनं एकेक आवळत आणला. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. कुठं काही अडलं नाही.

बसलिंगाप्पा उंबऱ्यावर येऊन उभे होते. "आत ये," एवढंच म्हणाले.

"येतो," विद्याश्री म्हणाली. "पण उद्यापास्नं गाड्या मीबी खोलणार. घरात बसणार न्हाय. न्हाय म्हणायचं असलं तर हितंच म्हणा, सगळ्यांदेखत."

पिराजीचा चहा केव्हाच गार झाला होता.

बसलिंगाप्पा उंबरा उतरून रस्त्यावर आले. लेकीकडे बघितलंही नाही. हँडल स्वतःच्या हातानं डावीकडं वळवलं, उजवीकडं वळवलं, कान देऊन ऐकलं. पुन्हा एकदा वळवलं. मग वळून दारातल्या मुलाला हाक मारली.

"वीरेश, हिकडं ये. वायर कुठनं न्यायची ते हिला इचारून घे."