साहेबांची जागा

लढाईत डोक्याला मार बसलेला दादा घरी परतला, पण त्याच्या मनातली भीती काही गेली नाही. मग देवानेच धाडावा तसा एक शिकवलेला कुत्रा मिळाला. "मी साधा शिपाई, हा आपला साहेब," दादा हसून म्हणायचा. दादा घाबरला, की साहेब त्याच्यापुढे आडवा उभा राहायचा, भीती असेल तिकडे तोंड करून.

आज दादाच्या लेकीच्या हातून पातेलं पडलं. त्या आवाजाने दादाचं भान सुटलं आणि त्याने खुर्ची उगारली. पोर भिंतीला चिकटली. "साहेब, धाव रे, यांना सांभाळ," वहिनी कळवळली.



साहेब धावला आणि पोरीपुढे आडवा उभा राहिला, दादाकडे तोंड करून.