चिकन कोण देतं?

"आई, तुम्हीच बंड्याला चोरून चिकन देताय," ऊर्मिला सासूबाईंवर कडाडली. बंड्या त्यांचा कुत्रा. त्याला चिकनची ॲलर्जी होती. महिनाभर नुसता भोपळा-भात खाऊनही त्याने पोट खाजवून रक्तबंबाळ केलं होतं.

"मी नाही देत," एवढंच त्या म्हणाल्या. ऊर्मिलाने बंड्याला त्यांच्या खोलीत जायला बंदी केली.

चार दिवसांनी डॉक्टरांनी बंड्याच्या कॅल्शियमच्या गोळ्यांच्या डबीवरचं लेबल वाचलं. "यात चिकन आहे. ह्या कोण देतं?"

ऊर्मिलाच रोज स्वतःच्या हाताने देत होती.

घरी येताच तिने सासूबाईंची माफी मागितली. त्या संतापून म्हणाल्या, "माझी माफी नंतर माग. चार दिवस तो माझ्या दाराबाहेर रडत होता. आधी त्याला आत सोड."