धाकट्याचं पथ्य

शिलाई मशीनवर बसून बसून धाकटा फुगला होता. आईने कधी "जेवलास का" म्हणून विचारल्याचं त्याला आठवत नव्हतं. तिचा सगळा जीव परगावच्या थोरल्या मुलात. पण सहा महिन्यांपूर्वी ती धाकट्याला बळेच तपासणीला घेऊन गेली, लिव्हरवर चरबी निघाली आणि आई पार बदलून गेली. तळणाची कढई तिने माळ्यावर टाकली. पहाटे उठवून ती त्याला फिरायला नेऊ लागली, स्वतःच्या हाताने काकड्या-गाजरं चिरून पुढ्यात ठेवू लागली. "वेळेवर झोपायचं हं, राजा," असंही म्हणू लागली.

चौदा किलो उतरले. शांत झोप लागू लागली, कापड बेतताना तो चक्क गुणगुणू लागला. आपणही कुणाचे तरी लाडके आहोत, हे त्याला चाळिशीत कळलं.

आज डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "लिव्हर अगदी स्वच्छ." आईचे डोळे भरून आले. बाहेर येताच तिने लगबगीने थोरल्याला फोन लावला.



"काळजी सोड रे, ऑपरेशनची तारीख घे. तुला द्यायला धाकट्याचं लिव्हर तयार झालंय."